जेनेरिक्स म्हणजे काय? फंक्शनल भाषांमधली ही युक्ती तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपपर्यंत कशी आली?

जेनेरिक्स म्हणजे असा कोड, जो डेटाचा प्रकार आधी ठरवून टाकत नाही. प्रकाराची जागा मोकळी ठेवतो आणि वापरणाऱ्याला सांगतो, इथे काय बसवायचं ते तू ठरव. तुम्ही कॉलेजात जावा शिकला असाल किंवा मोबाईलवर बघून बघून कॉटलिन शिकत असाल, तर लिस्ट<स्ट्रिंग> असं हजारदा लिहिलं असेल. त्या कोन कंसात जे बसतं तेच जेनेरिक्स. सिलॅबसमध्ये त्याला एखादं पान मिळतं आणि परीक्षेत एक प्रश्न. पण हे जावावाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते आलं फंक्शनल भाषांमधून, आणि यायला बरीच वर्षं लागली. येताना काही गोष्टी वाटेत सांडल्या, त्यांचा त्रास आजही अँड्रॉइड लिहिणाऱ्याला होतो. कसा, ते बघूया.

या लेखातली उदाहरणं बारामती-इंदापूर भागातली आहेत. कोडमधली नावंही देवनागरीत दिली आहेत, म्हणजे वाचायला सोपं जाईल. (जावामध्ये व्हेरिएबलचं नाव खरंच देवनागरीत ठेवता येतं. ऑफिसात मात्र करू नका, टीममधले लोक वैतागतील.)

आधी अडचण काय होती?

समजा तुम्ही गावासाठी एक अ‍ॅप बनवताय. त्यात तीन प्रकारच्या नोंदी आहेत. पहिली दूध संकलन केंद्रावरची: लिटर, फॅट, एसएनएफ. दुसरी कारखान्याच्या वजनकाट्यावरची उसाची पावती. तिसरी डाळिंबाच्या कॅरेटची, बाजार समितीत आडतीवर लावलेल्या मालाची. तिन्हींसाठी कामं सारखीच: शेवटच्या दहा नोंदी दाखवा, तारखेप्रमाणे लावा, बेरीज करा.

पहिला मार्ग कॉपी-पेस्टचा. दुधासाठी एक फंक्शन, तेच उचलून उसासाठी, तेच उचलून डाळिंबासाठी. मग एके दिवशी तारखेच्या हिशोबात चूक सापडते, महिन्याचा शेवटचा दिवस मोजलाच जात नाही. तुम्ही ती दुधात दुरुस्त करता. उसात आणि डाळिंबात ती तशीच राहते. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होत असेल आणि ३१ तारखेचं दूध हिशोबात आलंच नाही, तर ज्याच्या गोठ्यात आठ गाई आहेत त्याला फरक लगेच कळतो. उसाच्या हिशोबात तो कळायला हंगाम संपावा लागतो.

दुसरा मार्ग जावाने १९९६ ते २००४ या काळात लोकांना दिला होता. एकच लिस्ट, आणि तिच्यात काहीही टाका. आत गेलेली प्रत्येक वस्तू "ऑब्जेक्ट" समजली जायची. बाहेर काढताना प्रोग्रॅमर कंपायलरला सांगायचा, "ही दूधनोंद आहे, माझ्यावर विश्वास ठेव." कंपायलर ठेवायचा. आत चुकून उसाची पावती गेली असेल, तर ते कळायचं अ‍ॅप चालू असताना: क्लासकास्टएक्सेप्शन आणि अ‍ॅप बंद. म्हणजे चूक लिहिणाऱ्याची, आणि ती सापडणार वापरणाऱ्याच्या हातात.

तिसरा मार्ग जेनेरिक्सचा. लिस्ट<दूधनोंद> लिहिलं की तिच्यात उसाची पावती टाकायचा प्रयत्न कंपाइल होतानाच अडवला जातो. आणि "शेवटच्या दहा" हे फंक्शन एकदाच लिहायचं:

शेवटच्या_दहा<ट>(यादी: लिस्ट<ट>) → लिस्ट<ट>

इथे "ट" म्हणजे काहीही. दूध द्या, दूध मिळेल. ऊस द्या, ऊस मिळेल.

ही कल्पना कुणाची?

नाव दिलं ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी, १९६७ मध्ये. पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम, असं जड नाव. ते प्रत्यक्ष चालणाऱ्या भाषेत उतरवलं रॉबिन मिल्नर यांनी, एडिंबरा विद्यापीठात, १९७० च्या दशकात. त्या भाषेचं नाव एमएल. (आजच्या मशीन लर्निंगशी हिचा काही संबंध नाही. इथे एमएल म्हणजे मेटा लँग्वेज.) गणितातल्या सिद्धता संगणकाकडून तपासून घ्यायच्या होत्या, त्या कामासाठी ही भाषा तयार झाली. तिथे चुकीच्या प्रकाराची वस्तू चुकून पुढे सरकली तर सगळी सिद्धताच खोटी, म्हणून टाइप तपासणी कडक हवी होती. मिल्नर यांचा यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९७८ चा आहे.

एमएलमध्ये आणखी एक सोय होती: टाइप लिहावेच लागत नाहीत. कोड बघून कंपायलर स्वतः काढतो की इथे काहीही चालेल, तिथे फक्त संख्या चालेल. आज कॉटलिनमध्ये तुम्ही नुसतं "व्हॅल" लिहून पुढे जाता आणि एडिटर आपोआप टाइप दाखवतो, ती सोय याच घराण्यातली. जावात "व्हार" आलं २०१८ मध्ये. चाळीस वर्षांनी!

ज्याला काहीच माहीत नाही, तो काय बिघडवणार?

जेनेरिक्सचा फायदा म्हणजे "कोड कमी लिहावा लागतो", असं सगळीकडे सांगितलं जातं. माझ्या मते तो दुय्यम आहे. मोठा फायदा वेगळाच आहे.

मार्केट यार्डातला हमाल डोळ्यासमोर आणा. बंद खोकी गाडीतून उतरवून थप्पी लावतो. खोक्यात द्राक्षं आहेत की डाळिंब, त्याला माहीत नाही आणि उघडायची परवानगीही नाही. मग तो काय करू शकतो? खोक्यांचा क्रम बदलेल, एखादं मागे ठेवेल. पण द्राक्षाचं डाळिंब करू शकत नाही, आणि नवीन खोकं तयारही करू शकत नाही.

जेनेरिक फंक्शन असंच असतं. वरच्या "शेवटच्या_दहा"ला "ट" म्हणजे काय ते माहीतच नाही. म्हणून ते दुधाचे लिटर बदलू शकत नाही, खोटी नोंद घुसडू शकत नाही. जे परत येईल ते तुम्ही दिलेल्यातलंच. हे कोड न वाचता, फक्त त्याची पहिली ओळ वाचून कळतं! फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, आणि फुकटात मिळणारी प्रमेयं अशा अर्थाचं त्याचं नाव ठेवलं. जावासारख्या भाषांत पळवाटा आहेत (नल परत देता येतं, चालू प्रोग्रॅममध्ये टाइप विचारता येतो), त्यामुळे तिथे ही हमी हॅस्केलइतकी पक्की नाही. तरी बरीचशी मिळते.

वजनकाटा आणि टाइप क्लास

आता बेरजेकडे या. बेरीज करायची तर "ट" काहीही असून चालत नाही. त्याला वजन हवं.

माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगर, कोणत्याही साखर कारखान्याचा काटा आठवा. त्यावर बैलगाडी येते, ट्रॅक्टर-ट्रॉली येते, ट्रक येतो. काट्याला वाहनाशी देणंघेणं नाही. त्याला दोनच आकडे लागतात: भरलेलं वजन आणि रिकामं वजन. हे दोन देऊ शकेल ते कोणतंही वाहन चालेल. कोडमध्ये:

निव्वळ_एकूण<ट: वजनीय>(यादी: लिस्ट<ट>) → टन

"वजनीय" ही अट. जावात ती इंटरफेस म्हणून येते. पण फंक्शनल भाषांचा मार्ग जरा वेगळा आहे. वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये टाइप क्लास मांडला आणि तो हॅस्केल भाषेचा कणा झाला. फरक असा: जावात एखादा क्लास वजनीय आहे हे तो क्लास लिहिणाऱ्यानेच, तिथल्या तिथे जाहीर करावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीतून ट्रॅक्टर हा क्लास आला आणि त्याच्या लेखकाला तुमचा काटा माहीतच नव्हता, तर तुम्ही अडकलात. मग वरून वेष्टण गुंडाळायचं आणि कसंबसं चालवायचं. टाइप क्लासमध्ये ही जोडणी नंतरही करता येते: "हा परक्याचा ट्रॅक्टर, आणि तो माझ्या काट्यावर असा चढतो" एवढं वेगळं लिहून द्यायचं.

रस्ट भाषेतले ट्रेट आणि स्विफ्टमधले प्रोटोकॉल यात ही सोय आहे. रस्टमध्ये एक नियम आहे: ट्रेट किंवा टाइप, दोन्हीपैकी एक तरी तुमचं हवं. नाहीतर दोन लायब्ररी एकाच ट्रॅक्टरची दोन वेगळी वजनं सांगू लागतील. कॉटलिनमध्ये परक्याच्या क्लासला एक्स्टेन्शन फंक्शन जोडता येतं, पण तेवढ्याने तो क्लास इंटरफेसची अट पूर्ण करत नाही. कॉटलिन शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो.

जावात हे आलं कसं? आधी पिझ्झा

जावा बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत मार्टिन ओडर्स्की आणि वॉडलर या दोघांनी ठरवलं की फंक्शनल भाषांमधल्या वस्तू या नव्या लोकप्रिय भाषेत घालायच्या. त्यांनी पिझ्झा नावाची भाषा बनवली. १९९७ च्या त्यांच्या शोधनिबंधात तीन गोष्टी होत्या: जेनेरिक्स, फंक्शनलाच व्हॅल्यू म्हणून वापरणं, आणि पॅटर्न मॅचिंग. मग गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटामायर सोबत आले आणि १९९८ मध्ये फक्त जेनेरिक्सवर भर देणारी जीजे तयार झाली. तिचंच रूप जावा ५ मध्ये, सप्टेंबर २००४ ला, सगळ्यांच्या हातात आलं. पिझ्झातल्या बाकी दोन गोष्टी नंतर आल्या. फंक्शन व्हॅल्यू म्हणून वापरण्यासाठी लॅम्डा आले जावा ८ मध्ये, २०१४ ला. पॅटर्न मॅचिंग त्याच्याही नंतर, हळूहळू. एकच पिझ्झा, पण पंचवीसेक वर्षं तुकड्या-तुकड्याने वाढला.

इथेच ते प्रसिद्ध सांडणं झालं. तोपर्यंत जावात लिहिलेला प्रचंड कोड जगभर चालू होता. तो मोडायचा नाही, ही अट होती. म्हणून उपाय निघाला इरेजरचा, म्हणजे पुसून टाकण्याचा. कंपाइल होताना कंपायलर सगळे टाइप नीट तपासतो. तपासणी झाली की कोन कंसातली माहिती पुसतो आणि जुन्यासारखाच कोड तयार करतो. कॅरेटवर "भगवा डाळिंब" अशी चिठ्ठी होती, ती गेटवर तपासली आणि आत सोडताना फाडून टाकली, तसं.

परिणाम काय? चालू अ‍ॅपमध्ये लिस्ट<दूधनोंद> आणि लिस्ट<ऊसपावती> यांच्यात फरक उरत नाही. दोन्ही नुसत्या लिस्ट. "ही लिस्ट दुधाची आहे का?" असं विचारलं तर कंपायलर अडवतो, कारण उत्तर द्यायला माहितीच शिल्लक नाही. लिस्ट<इंट> चालत नाही, इंटीजर लिहावं लागतं, ते याच कारणाने. अँड्रॉइडवरही हेच. कॉटलिनने "रीफाइड" नावाची पळवाट काढली, पण ती फक्त इनलाइन फंक्शनमध्ये चालते.

मायक्रोसॉफ्टने उलटा निर्णय घेतला. डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी २००१ मध्ये दाखवलं की चालवणाऱ्या यंत्रणेतच जेनेरिक्स घालता येतात. सी-शार्प २.० मध्ये, २००५ ला, ते आले. चिठ्ठी शेवटपर्यंत कॅरेटवर राहते. किंमत अशी की जुने कलेक्शन एका बाजूला आणि नवे जेनेरिक कलेक्शन दुसऱ्या बाजूला, असे दोन संसार झाले. इरेजरला शिव्या देणं सोपं आहे, पण जुना कोड एका रात्रीत मोडला असता तर जेनेरिक्स वापरलेच किती जणांनी असते?

डाळिंबाचं कॅरेट हे फळांचं कॅरेट आहे का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण मुलाखतीत हमखास विचारतात.

डाळिंब हे फळ आहे. मग लिस्ट<डाळिंब> ही लिस्ट<फळ> आहे का? पटकन वाटतं, हो. आता विचार करा. तुम्ही तुमचं डाळिंबाचं कॅरेट कुणाला तरी "हे फळांचं कॅरेट" म्हणून दिलं. त्याने त्यात पेरू टाकला. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलं नाही, पेरू फळच आहे. संध्याकाळी ते कॅरेट तुमच्याकडे परत आलं, तुम्ही डाळिंब म्हणून हात घातला आणि हातात पेरू.

जावाच्या अ‍ॅरेमध्ये पहिल्या दिवसापासून हे चालतं. डाळिंबाचा अ‍ॅरे फळांचा अ‍ॅरे म्हणून देता येतो, कंपायलर काही बोलत नाही, आणि पेरू टाकल्यावर चालू प्रोग्रॅम अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन देऊन कोसळतो. हे का ठेवलं? कारण तेव्हा जेनेरिक्स नव्हते. कोणत्याही अ‍ॅरेवर चालणारं एकच फंक्शन लिहायचं तर दुसरा मार्गच नव्हता. जेनेरिक्स आले तेव्हा लिस्टसाठी ही चूक टाळली: लिस्ट<डाळिंब> ही लिस्ट<फळ> नाही.

पण मग अडचण उलट्या बाजूने येते. मला कॅरेटमध्ये काही टाकायचंच नाही, फक्त बघून मोजायचंय. तेव्हा डाळिंबाचं कॅरेट फळांचं म्हणून दिलं तर बिघडलं कुठे? काहीच नाही. ज्यातून फक्त बाहेर काढायचं, तिथे फळाच्या जागी डाळिंब चालतं. ज्यात फक्त आत टाकायचं, तिथे उलट: फळांची टोपली डाळिंब टाकायला चालते. याला व्हेरियन्स म्हणतात. जावाने यासाठी प्रश्नचिन्हाचे वाइल्डकार्ड दिले, आणि ते अनुभवी लोकांनाही दर वेळी थांबून वाचावे लागतात. कॉटलिनने सी-शार्पसारखेच दोन शब्द घेतले, "इन" आणि "आउट". आत जाणारं इन, बाहेर येणारं आउट. इतकं साधं नाव या विषयात दुसरं कुठलंच नाही. कॉटलिनमधली साधी लिस्ट फक्त वाचायची असते, म्हणून ती आउट आहे आणि लिस्ट<डाळिंब> तिथे लिस्ट<फळ> म्हणून चालते. म्यूटेबललिस्ट मात्र चालत नाही. हे दोन वेगळे टाइप का आहेत, त्यामागे हा पेरू आहे.

बाकीच्या भाषा

सी++ चे टेम्प्लेट वेगळ्या वाटेने आले, आणि अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांची एसटीएल लायब्ररी १९९४ मध्ये प्रमाणित भाषेत स्वीकारली गेली. तिथे प्रत्येक टाइपसाठी कोडची नवी प्रत तयार होते. चालतं वेगात, पण फाइल फुगते. रस्टमध्येही मुख्यतः असंच. (रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता, म्हणजे एमएलच्याच कुळातल्या भाषेत.) जावा एकच प्रत ठेवते. सी-शार्प दोन्ही करते, जशी गरज तसं.

सगळ्यात उशीर केला गोने. २००९ मध्ये जाहीर झालेली ही भाषा साधेपणासाठी जेनेरिक्सशिवाय राहिली. लोक मागत राहिले. शेवटी गोच्या टीमने मदतीसाठी कुणाला बोलावलं? त्याच वॉडलर यांना. २०२० मध्ये त्यांच्यासह अनेकांचा शोधनिबंध आला आणि मार्च २०२२ मध्ये गो १.१८ सोबत जेनेरिक्स आले. साधेपणा चांगला, पण बारा वर्षांहून जास्त काळ लोकांनी कॉपी-पेस्ट किंवा विश्वास-ठेव-माझ्यावर असा कोड लिहिला, हे मला जास्तच वाटतं.

अजून काय आलेलं नाही?

"लिस्ट<ट>" मध्ये "ट" मोकळा आहे, पण लिस्ट ठरलेली आहे. हॅस्केल आणि स्कालामध्ये (स्काला ओडर्स्की यांचीच) डबासुद्धा मोकळा ठेवता येतो: कोणताही डबा, त्यात कोणतीही वस्तू. मग आतल्या प्रत्येक वस्तूवर एखादं काम करणारं "मॅप" फंक्शन लिस्टसाठी वेगळं, ऑप्शनलसाठी वेगळं असं लिहावं लागत नाही. जावा, कॉटलिन, गो, स्विफ्ट आणि रस्टमध्ये ही सोय थेट नाही. म्हणून जावात स्ट्रीमचा मॅप वेगळा आणि ऑप्शनलचा मॅप वेगळा लिहिलेला आहे. नाव एकच, पण दोघांना जोडणारा टाइप नाही.

कोड लिहिताना काय बघायचं?

अँड्रॉइड स्टुडिओ पिवळ्या रंगात "अनचेक्ड कास्ट" असा इशारा देतो. बहुतेक जण तो दाबून टाकण्याची ओळ वर लिहितात आणि पुढे जातात. त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच: चिठ्ठी आधीच फाडलेली आहे, त्यामुळे या ठिकाणी मी तपासू शकत नाही. सर्व्हरवरून आलेला डेटा वाचताना हे सर्वात जास्त होतं. तिथे नुसतं लिस्ट म्हणून कास्ट न करता, टाइप सोबत घेऊन जाणारी लायब्ररी वापरा (कॉटलिनमध्ये कॉटलिनएक्स सिरियलायझेशन आहे). नाहीतर चुकीचा डेटा त्या ओळीवर पडत नाही, गुपचूप आत शिरतो. मग तीन स्क्रीन पुढे, कुणीतरी दुधाचा पगार उघडतो तेव्हा, अ‍ॅप बंद होतं. आणि एरर दिसते ती त्या स्क्रीनच्या कोडमध्ये, जिथे चूक नव्हतीच.